पत्र्याखालचं घर

कोकणातल्या घरांचे माथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलले. खेडपासून सावंतवाडीपर्यंत रेल्वेच्या खिडकीतून पाहत गेलं तरी हा बदल डोळ्यांत भरतो. माडा-फणसांच्या आडून जिथे काळपट तांबडी कौलं दिसायची, तिथे आता निळा, हिरवा नाहीतर विटकरी पत्रा चमकतो. स्लॅबच्या घरांवरही गळती थांबवायला पत्र्याची शेड उभी राहिली आहे. सुट्टीत गावी आलेला मुंबईकर हे पाहून हळहळतो, गावाची रया गेली म्हणतो. बारा महिने गावात राहणाऱ्याला ही हळहळ परवडत नाही. त्याने हिशेब करूनच कौलं उतरवलेली असतात आणि बहुतेक वेळा तो हिशेब बरोबर असतो. चुकतं ते पुढे. कौलांबरोबर आणखी काय काय उतरलं हे कोणी पाहत नाही, आणि पत्र्याबरोबर जे यायला हवं ते येत नाही.

कौलारू घराचा खरा खर्च कौलांत नसतो, दरवर्षीच्या राबणुकीत असतो. वैशाख सरत आला की शाकारणी करायची. माणूस अनवाणी पायांनी, खालच्या वाशांचा अंदाज घेत पाख्यावर चढतो, कारण दोन वाशांच्या मध्ये भार पडला तर रीप मोडते. एकेक ओळ उचलायची, खालचा पाचोळा, वाळलेलं शेवाळ, उंदरांनी ओढून आणलेलं गवत झाडून टाकायचं. कौल तडकलंय की नाही हे दर वेळी डोळ्यांना कळत नाही. बोटाच्या पेराने टकटक केली की शाबूत कौल खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. ते बाजूला काढायचं, कुजलेली रीप बदलायची, आढ्यावरची कौलं पुन्हा सिमेंटात बसवायची. शंभर चौरस मीटरच्या छपराला सुमारे दीड हजार कौलं लागतात आणि ती सगळी हाताखालून जावी लागतात. पूर्वी हे काम वाडीतल्या वाडीत, आज तुझं उद्या माझं असं उरकायचं. आता वाडीत चार तरणे हात एका वेळी सापडत नाहीत. घरात सत्तरीपुढचे आई-वडील, मुलगा नालासोपाऱ्याला नाहीतर डोंबिवलीला, आणि शाकारणीचा माणूस मे महिन्यात सगळ्यांना एकदमच हवा असतो.

त्यात वानर-माकडांचा उच्छाद. एखाद्या टोळीने सकाळच्या वेळी पाख्यांवर उड्या मारल्या की एका फेरीत दहा-वीस कौलं फुटतात. हे जुलैत झालं, तर शेवाळलेल्या ओल्या कौलांवर चढायचं कोणी? वासे बदलायचे म्हटलं तर ऐन, किंजळ, सागाच्या लाकडाला हात लावायची सोय राहिलेली नाही, आणि जे मिळतं त्याला वाळवी लागायला वेळ लागत नाही. अशा घराच्या मालकाला फॅब्रिकेटर सांगतो की आठवड्याभरात लोखंडी पाइपांची कैची उभी करून वर पत्रा मारतो, वीस वर्षं वर बघायला नको. तो होकार देतो. त्याच्या जागी आपणही दिला असता.

मंगलोरी कौल म्हणजे कोकणचं आदिम, मातीतून उगवलेलं छप्पर, ही समजूतही खरी नाही. एकमेकांत अडकणारं, साच्यात दाबून काढलेलं कौल ही युरोपातली कल्पना. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या गाळाच्या मातीतून ती कौलं यंत्रावर काढायला सुरुवात केली आणि पुढे ती गलबतांतून किनाऱ्याने वर येत राहिली. त्याआधी आपल्याकडे गावच्या कुंभाराने चाकावर घडवलेले नळे होते आणि गरिबाच्या घरावर गवत किंवा माडाच्या झावळ्या. मंगलोरी कौलाने त्या कुंभाराचा धंदा बसवला. वजनाने हलकं, गळायला कमी, बसवायला सोपं, म्हणून लोकांनी ते घेतलं. म्हणजे आज पत्र्याच्या बाजूने जी कारणं सांगितली जातात, तीच तेव्हाही होती. रया गेल्याची हळहळ तेव्हाही कोणी केली असेल.

माझा मुद्दा असा की छप्पर कुठलंही असो, ते एकट्याने टिकत नाही. त्याच्याभोवती माणसांची, कसबाची आणि पैशाची एक व्यवस्था लागते. कौलाभोवती ती होती: लाकूड देणारं रान, वासे जोडणारा सुतार, शाकारणीला धावून येणारी वाडी. ती विस्कटली तेव्हाच कौलाचे दिवस भरले, पत्रा नंतर आला. तो आला तो सामान म्हणून. त्याची व्यवस्था आलीच नाही.

हे नीट कळायला एका परक्या छपराकडे पाहावं. लोणावळा, पाचगणी, अलिबाग, गोव्याकडच्या बंगल्यांवर अलीकडे शिंगल दिसू लागली आहेत. काचतंतूंच्या जाळीवर डांबराचा थर आणि वर रंगीत खड्यांची बारीक कच, अशा या पातळ पट्ट्या. अमेरिकेत बहुतेक घरांवर हेच छप्पर असतं. तिथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्याची चांगली ओळख आहे. घर घेतल्यावर काही वर्षांतच शिंगल पुन्हा डांबराचं घालायचं की खर्च सोसून पत्र्याचं छप्पर करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. शिंगल पंधरा ते तीस वर्षं जातं. पत्र्याचं चांगलं छप्पर, ज्यात दोन पत्र्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवतात आणि स्क्रू बाहेर दिसतच नाही, त्याला सुरुवातीला दुपटी-तिपटीने पैसे पडतात, पण ते चाळीस-पन्नास वर्षं टिकतं. निव्वळ आयुष्याचा हिशेब केला तर पत्रा जिंकायला हवा. तरीही शिंगलच चालतं, कारण त्याच्याभोवती सगळं जुळून आलेलं आहे. प्रत्येक गावात ते एक-दोन दिवसांत उचकटून नवं घालणाऱ्या टोळ्या आहेत. टेक्सस, कोलोरॅडोत गारपीट झाली की विमा कंपनी भरपाई देते आणि त्या पैशात पुन्हा शिंगलच येतं. दर काही वर्षांनी घर विकून पुढे जाणाऱ्याला पन्नास वर्षांच्या छपराचं काय? उतरवलेल्या शिंगलांचा कचरा त्या देशात वर्षाला सुमारे एक कोटी टन होतो आणि त्यातला बराचसा जमिनीत पुरला जातो. तो खर्च घरमालकाच्या बिलात दिसत नाही.

मुख्य गोष्ट अशी की तिथे शिंगल हे छपराचं फक्त वरचं कातडं असतं. खाली प्लायवूडची सलग फळी, त्यावर पाणी अडवणारा कागद, फळीखाली हवा खेळणारा माळा आणि जाड उष्णतारोधक थर. आपल्याकडे येतं ते फक्त कातडं. उतरत्या स्लॅबवर ते चिकटवलं की झालं विलायती छप्पर. कोकणच्या दमट हवेत त्यावर दोन-तीन पावसाळ्यांत काळे ओघळ उठतात, गडद रंगामुळे खालचा स्लॅब तापतो आणि दुरुस्तीला तसलंच शिंगल शोधत फिरावं लागतं. ज्याची व्यवस्था मैलोगणती दूर आहे असं छप्पर माथ्यावर घेऊ नये. पत्र्याच्या बाबतीतही, जरा लपलेल्या रूपात, हेच घडलं आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माणसं मरतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात हजारो घरांची छपरं उडाली. वादळानंतर कौलं आणि पत्रे दोन्ही मिळेनासे झाले आणि तोंडावर पावसाळा उभा होता. त्या दिवशी कौलारू घरंही उघडी पडली, पण दोन छपरांच्या पडण्यात फरक आहे. ताशी ११० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ५७ किलोंचा दाब देतो. छपरावरून जाताना तो खाली दाबत नाही, वर ओढतो. कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ ही ओढ आणखी वाढते. एका चौरस मीटर कौलांचं वजन चाळीस किलोंच्या आसपास भरतं. तेवढ्याच पत्र्याचं जेमतेम साडेचार किलो. कौलारू पाखं वाऱ्यात तुकड्यातुकड्याने उघडं पडतं: वळचणीची दोन-चार ओळी कौलं जातात, तिथून वारा आत-बाहेर होतो आणि बाकीच्या छपरावरचा ताण उतरतो. पत्रा सुटला तर एकसंध सुटतो, कधी खालच्या पाइपांसकट. आणि उडालेला पत्रा ज्याच्या वाटेत येईल त्याला कापत जातो.

पत्रा हलका आहे हा त्याचा गुण आहे. जुन्या मातीच्या, चिऱ्याच्या भिंतींवरचा टनांचा भार त्याने उतरतो, भूकंपात तर हे वरदानच. पण हलक्या छपराला धरून ठेवावं लागतं. कौल वजनाने बसतं, पत्रा जोडाने बसतो. आपल्याकडे जोडावरच काटकसर चालते. चिऱ्याच्या भिंतीत पाइपाचं टोक अडकवून वर सिमेंट लिंपलं की फॅब्रिकेटरचं काम संपतं. वारा ओढू लागला की तो पाइप वरच्या दोन चिऱ्यांसकट उपटून येतो. कैचीचा प्रत्येक पाय काँक्रीटच्या पट्टीत रोवलेल्या बोल्टला बांधलेला हवा. छपराच्या कडेच्या पट्ट्यात स्क्रू दाट हवेत, मधल्यापेक्षा दुप्पट म्हटलं तरी चालेल. पुढची पडवी मुख्य छपरापासून सुटी हवी, म्हणजे वाऱ्याने तिच्याखाली शिरून ती उचलली तर घराचा माथा बरोबर जात नाही. जुनी कोकणी घरं याबाबतीत शहाणी होती. चार बाजूंनी उतरणारी चौपाखी, चढ चांगला तीस अंशांचा, पडवीचं पाखं खाली वेगळं. वादळात चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा जास्त तग धरतं, हे आज अभियंतेही सांगतात. पत्रा तिरका कापला की वाया जातो आणि उतार वाढवला की पाइप जास्त लागतो, म्हणून फॅब्रिकेटर उतार कमी करून सरळ दुपाखी शेड मारतो. वारा सर्वांत जोराने ओढतो तो याच चपट्या छपराला. पाच-सात हजार रुपये वाचवण्यासाठी आपण पिढ्यांचा आकार सोडून दिला, याची मला चीड येते.

मग ऊन. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या घरात माजघरात बसून पाहावं. हवेपेक्षा डोक्यावरून येणारी धग जास्त जाणवते. पंखा लावला तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. म्हातारी माणसं दुपारभर आंब्याखाली खाट टाकून असतात. कौल भाजलेल्या मातीचं, सच्छिद्र. ते पाणी धरतं आणि सावकाश सोडतं, शिवाय दोन कौलांच्या फटींतून गरम हवा आणि चुलीचा धूर आपोआप वर निघून जातो. पत्र्याखाली धूर कोंडतो. पाणी तापवायची चूल अजून बहुतेक घरांत आहे, पण पत्रा मारताना तिच्या धुराड्याचा विचार झालेला मी क्वचितच पाहिला. उघडा जस्ताचा पत्रा ऊन परतवतो खरा, पण एकदा तापला की ती उष्णता बाहेर फेकायला तो नाखूश असतो. रंगीत पत्रा ती चांगली फेकतो, मात्र रंग फिका हवा. पांढरा किंवा मोतिया पत्रा निम्म्याहून जास्त ऊन परतवतो. लोक निवडतात गडद निळा, गडद हिरवा, नाहीतर कौलाची आठवण म्हणून गडद विटकरी, आणि तो रंग बहुतेक ऊन पिऊन टाकतो. रंगाची निवड फुकट असते. घराला सर्वांत स्वस्तात गारवा देणारी गोष्ट हीच, आणि दुकानात कोणी ती सांगत नाही.

रंगाच्या जोडीला पत्र्याखाली एक छत लागतं. बांबूच्या तट्ट्यांचं, लाकडी फळ्यांचं, काहीही चालेल. मधे वीतभर पोकळी ठेवायची आणि आढ्याशी हवा बाहेर जायला वाट. पत्रा तापतो, पोकळीतली हवा तापून वरून निघून जाते, धग खोलीत उतरत नाही. पावसाचा कल्ला त्याच छतामुळे उतरतो. जुलैच्या रात्री उघड्या पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अभ्यासाला बसलेल्या पोरांचं तर विचारूच नका. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमून अंथरुणावर टपटपतं, त्यालाही हे छत आडवं येतं.

तिसरी गोष्ट गंज. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आतल्या घराला तीच सगळ्यांत महाग पडते. लोखंडाला वाचवतो तो वरचा जस्ताचा मुलामा, रंग नव्हे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असेल तर एका बाजूला थर बसतो साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. २७५ ग्रॅम असेल तर एकोणीस. अल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रणाचा मुलामा, ज्यात पंचावन्न टक्के अल्युमिनियम असतं, खाऱ्या हवेत जास्त टिकतो, आणि त्याचा १५० ग्रॅमचा थर एका बाजूला वीस मायक्रॉनपर्यंत जातो. वरून दोन्ही पत्रे सारखेच तुकतुकीत निळे दिसतात. दुकानदार जाडी सांगतो तीही रंग-मुलाम्यासकट. ‘पाचचा’, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून घेतलेल्या पत्र्यात लोखंड साडेचारचंच असू शकतं. गिऱ्हाईक नागवलं जातं ते इथे. आणि एवढं करूनही छप्पर गळतं ते स्क्रूपाशी. स्क्रू हलका असेल तर पत्र्याआधी तो गंजतो, जास्त आवळला तर खालचं रबर चेपून फाटतं, सैल राहिला तर पाणी शिरतं. कौल गळलं तर माळ्यावर चढून आतून काठीने ते जरा सरकवता येतं, थेंब कुठून पडतो ते दिसतं. पत्र्यातलं पाणी एका भोकातून शिरतं, पाइपावरून वाहत जातं आणि तिसऱ्याच खोलीत पडतं. दुरुस्ती म्हणून मग डांबराची पट्टी चिकटवत बसायचं.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल थोडक्यातच सांगतो. तो लोखंडी पत्र्याहून कमी तापतो आणि स्वस्त असतो, म्हणून गोठ्यावर, पडवीवर, कधी घरावरही दिसतो. त्यात बहुतेकदा ॲसबेस्टॉस असतं आणि त्याच्या तंतूंनी फुप्फुसांचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. साठांहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे तो अजून राजरोस विकला जातो. असलेला पत्रा शाबूत असेल तर त्याला छेडू नये, कापू नये, घासू नये. नवा घेऊ नये. वादळात फुटलेल्या तुकड्यांचा ढीग अंगणात पोरांच्या खेळायच्या जागी पडू देऊ नये.

ज्यांच्या घराचे वासे धड आहेत आणि वर्षाला शाकारणी करून घ्यायला माणूस मिळतो, त्यांनी कौलं उतरवू नयेत असं मी आग्रहाने सांगेन. कौलाइतकं माफक दुरुस्तीत टिकणारं, एका जागी फुटलं तर एकच बदलता येणारं, काचेचं एक कौल घालून अंधाऱ्या माजघरात उजेड आणता येणारं छप्पर दुसरं नाही. मंगळूरकडचे कितीतरी कारखाने माती आणि जळणाच्या अडचणीने बंद पडले आहेत, तेव्हा चांगली जुनी कौलं फेकून देणं शुद्ध नासाडी आहे. ज्यांना दोन पैसे जास्त घालता येतात त्यांनी खाली पत्रा, त्यावर रिपा, आणि रिपांवर तीच जुनी कौलं हा मार्ग धरावा. पत्रा पाणी अडवतो, कौल ऊन अडवतं, कौलाच्या वजनाने वाऱ्यालाही जड जातं, आणि माकडाने फोडलं तरी घरात थेंब येत नाही. मधे पाचोळा साचून पत्रा कुजू नये म्हणून फट मोकळी ठेवायची आणि दोन-चार वर्षांनी झाडायची, एवढी मेहनत उरते.

पण गावातल्या बहुसंख्य घरांना एकच छप्पर परवडतं आणि ते पत्र्याचंच असणार. म्हणून खरं काम पत्र्याची व्यवस्था उभी करण्याचं आहे. वाऱ्याचा भार कसा मोजायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. कारखान्याची शेड उभारताना ते उघडलं जातं, चार खोल्यांच्या घरासाठी कधीच नाही. फॅब्रिकेटर वेल्डिंग शिकलेला असतो, छप्पर शिकलेला नसतो. त्याचा यात दोष नाही, त्याला शिकवलंच कोणी नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आयटीआयमधून पंधरा दिवसांचा छपराचा वर्ग चालवणं अवघड नाही: बोल्ट कुठे रोवायचा, कडेला स्क्रू किती, उतार किती, मुलामा कसा ओळखायचा. घरकुलाच्या अंदाजपत्रकात पत्र्याच्या ओळीखाली बोल्ट आणि छताची ओळ असायला हवी. वादळानंतर पंचनामा पडझडीच्या टक्केवारीवर होतो आणि भरपाईच्या पैशांतून तोच पत्रा तशाच पाइपांवर पुन्हा चढतो. त्या भरपाईतला एक हप्ता जोड तपासून दिला, तर पुढच्या वादळात तीच रक्कम पुन्हा मोजावी लागणार नाही. मे उजाडेपर्यंत घरमालकाच्या हातात असलेली गोष्ट एवढीच: ॲडव्हान्स देण्याआधी पत्र्याची लोखंडी जाडी, मुलाम्याचे ग्रॅम, उतार, बोल्टांची संख्या आणि कडेच्या स्क्रूंचं अंतर फॅब्रिकेटरकडून कागदावर लिहून घ्यायचं, आणि त्यात फिका रंग आपण स्वतः घालायचा.